ताट परत येईपर्यंत

साकोलीच्या ख्रिस्ती मंडळीत शुक्रवारची उपास-प्रार्थना बायकांची. हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानामागे टिनाच्या छताचा एक हॉल आहे. तिथे सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब न घेता बायका जमतात, सतरंजीवर बसतात आणि एकेक जण आपली विनंती मांडते. एकीची विनंती ती सगळ्यांची. उत्तर येईपर्यंत दर शुक्रवारी सगळ्यांनी तिच्यासाठी उपास धरायचा. आणि उत्तर आलं की जिची विनंती तिनं उभं राहून साक्ष द्यायची, उपास सोडायचं खाणंही त्या दिवशी तिनंच आणायचं. असा तिथला रिवाज.

याच रिवाजात ज्योत्सनानं आपला पाय अडकवून घेतला.

पावसाळा सरत आला होता. तिची बोलायची पाळी आली तशी ती उठली आणि म्हणाली, "माह्या मनिषसाठी प्रार्थना करा." पुढचं वाक्य घरून घोकून आणलं होतं, ते निघालंच नाही. डोळ्यांतून मात्र धार लागली.

बायकांत सगळ्यात मोठी सुशीलाबाई; तिचा नवरा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक. जिभेनं तिखट, गुडघ्यांनी अधू, वर साखरेचा आजार. तिला कुणाचं रडणं फार वेळ बघवत नाही.

"अवो, इतकं रडाले काय झालं? पोट्टं तिशीले टेकलं, लगन जमून नाई राहिलं, हेच ना?"

ज्योत्सनाची मान हलली. होकारानं हलली की नुसती थरथरली, हे तिलाही सांगता आलं नसतं. बायकांनी तो 'हाव' धरला.

"मंग त्यात लाजाचं काय? आमी कायले बसलो आहो इथे?" सुशीलाबाईनं पदर खोचला आणि त्या क्षणापासून मनिषचं लग्न ही साऱ्या मंडळीची विनंती झाली. तेव्हाच 'नाही, तसं नाही' म्हणायला हवं होतं. पण 'तसं नाही' म्हटलं की 'मग कसं?' आलं असतं, आणि ते कसं आहे, ते तिला स्वतःलाच कळून फार दिवस झाले नव्हते.

त्याचं असं झालं होतं. मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून प्रभुभोजन असतं. पास्टरच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, घरी भाजलेली बिनमिठाची पोळी तुकडे करून ताटात ठेवायची आणि ज्योत्सनाच्या नवऱ्यानं, गोपीचंदनं, ते ताट रांगेरांगेतून फिरवायचं. तुकडा लगेच तोंडात टाकायचा नाही. ताट फिरून परत टेबलावर जाईपर्यंत तो हातात धरून बसायचं. मग पास्टर प्रार्थना करतात आणि सगळे एकदम खातात. पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही. मनिष ढोलक घेऊन सगळ्यांच्या मागे बसायचा, आणि काही महिन्यांपासून ताट आलं की मान खाली घालून हातानंच 'पुढे न्या' म्हणायचा. गोपीचंदला वाटलं, पोरगा कुणाशी भांडला असेल. मनात राग ठेवून कसं घेणार? पण ज्योत्सना आई होती. ढोलकावरचा त्याचा हातही तिला बदललेला ऐकू येत होता.

एका दुपारी मागच्या अंगणात मायलेक शिंगाडे निवडत बसले होते. गोपीचंद गावच्या तलावात शिंगाड्याचे वेल लावतो आणि डोंग्यातून हिंडत तोडून आणतो. काटे बोटात घुसतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष हाताकडे असतं. कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ज्योत्सनानं तो मोका साधून विचारलं, "प्रभुभोजन काहून घेत नाई रे तू?"

मनिषनं आणखी एका शिंगाड्याचे काटे मोडले.

"खोटं बोलून घ्यावं वाटत नाई, आई."

"कोणतं खोटं?"

"मले पोरी नाई आवडत. पोरंच आवडतात. लहानपणापासून. नागपूरले आयटीआयले होतो तेव्हा पक्कं समजलं." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "प्रार्थना करून पाहिली. तुमच्याऊन जास्त उपास धरले मी. नाई जात ते."

ज्योत्सना बी.ए. झालेली बाई. 'समलिंगी' हा शब्द तिनं पेपरात वाचला होता, कोर्टाच्या बातम्यांत पाहिला होता. पण पेपरातला शब्द आपल्या अंगणात येऊन शिंगाडे निवडत बसेल, असं कुणाला वाटतं? तिच्या बोटात काटा गेला. तो काढायचं निमित्त करून ती आत गेली आणि चुलीपाशी उभी राहिली. त्या दिवशी तिला राग आला नाही, लाज वाटली नाही. एकच भीती वाटली, आणि त्या भीतीला मोठं कारण होतं.

साकोलीतल्या कॉलेजात शिकलेली ज्योत्सना लग्न होऊन तलावाच्या गावी आली, ती मासेमारीच्या घरात. नवरा मनाचा चांगला, पण दारू. मनिष रांगत होता तेव्हा तर गोपीचंद डोंगा काठाला लावून तिथेच पडलेला सापडायचा. साकोलीहून पास्टर यायला लागले, त्याच्याजवळ बसायला लागले. ओरडले नाहीत, उपदेश केला नाही. हातात हात घेऊन बसायचे. वर्षभरात दारू सुटली आणि घर येशूच्या विश्वासात आलं. भावकीनं पंगत तोडली. सण-वार तुटले, लग्नाची बोलावणी तुटली. तेही ज्योत्सनानं सोसलं. पण सासू बायाबाई गेली तेव्हा गावातलं एक माणूस मयताला आलं नाही. लोक आपापल्या दारात उभे राहून पाहत होते. दुपार टळत आली, घरात मढं आणि खांदा द्यायला फक्त गोपीचंद. तेवढ्यात साकोलीहून मालवाहू गाडीतून मंडळीची माणसं उतरली. पास्टरनं शर्ट काढून ठेवला आणि मुरमाड जमिनीत स्वतः कबर खोदली. सुशीलाबाईनं, जिला धड बसता येत नाही, बायाबाईला आंघोळ घातली.

तेव्हापासून ज्योत्सनाला मंडळी म्हणजे काय, हे कुणी शिकवायची गरज उरली नव्हती. मंडळी म्हणजे आपल्या मयताला येणारी माणसं. आणि आता मनिषचं कळलं तर? उद्या गोपीचंद गेला, ती स्वतः गेली, तर या पोराच्या बाजूनं खांद्याला कोण लागणार? ती हे कुणाजवळ बोलू शकत नव्हती. म्हणून देवाजवळ बोलायला गेली, आणि देवाच्या आधी सुशीलाबाईनं उत्तर दिलं.

उत्तर खरंच आलं, आणि तेही झपाट्यानं. सुशीलाबाईच्या नात्यातली बपेरा गावातली मुलगी, रेणू. बाप भैयाजी विश्वासी माणूस, आई नाही. मुलगी नर्सिंग शिकून तुमसरला एका दवाखान्यात लागलेली. सुशीलाबाईनं या विनंतीसाठी साखर सांभाळून नव्हे, साखर विसरून उपास धरले होते. एका शुक्रवारी तर तिला हॉलमध्ये भोवळ आली आणि बायकांनी तिच्या तोंडात जबरदस्तीनं गूळ कोंबला. शुद्धीवर आल्या आल्या ती म्हणाली, "मले दिसली! रेणू! मी येडी, माह्याच घरची पोट्टी मले दिसत नोयती!"

आता या उत्तराला 'नको' कोण म्हणणार?

गोपीचंदला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानं पेढे आणले, तलावावरच्या सोबत्यांना वाटले. ज्यांनी पंगत तोडली होती त्यांनाही दिले. "पोरगी नर्स आहे," एवढंच तो सगळ्यांना सांगत होता.

मनिषनं आईला बाजूला घेतलं. पंपाच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरायच्या दुकानात तो कामाला होता, तिथून तसाच, हाताला तेल लागलेला आला होता.

"तू काय सांगतलं त्याईले?"

"मी काईच नाई सांगतलं रे. हेच तं झालं."

"मंग आता?"

"पाहून तं घे. पाहाले काय जाते?" हे बोलताना तिची तिलाच शरम वाटली.

"तू म्हन," तो शांतपणे म्हणाला, "तू म्हनशील तं करतो लगन. पण 'कर' असं तुह्या तोंडानं म्हन." तिच्या तोंडातून 'कर'ही निघालं नाही आणि 'नको'ही निघालं नाही.

रविवारी उपासना झाल्यावर भैयाजी आणि रेणू घरी आले. सोबत सुशीलाबाई, स्वतःच वरमाय असल्यासारखी. मनिष खाली मान घालून बसला. सगळ्यांनी त्याला लाजाळू ठरवलं. रेणू उठून चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ज्योत्सना 'अगं राहू दे' म्हणेपर्यंत धुवायलाही लागली.

"आई, एक विचारू?" ती पाठमोरीच म्हणाली. "त्याईले मी पसंत आहो ना? त्याईनं वर पाहिलंच नाई."

"तो तसाच आहे, बाई."

"मी पण उपास धरत होती," रेणू म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "बाबा चांगले आहेत, पण राग आला का सांभाळत नाई. मी देवाले म्हनलं, श्रीमंत घर नको, हसनारं पोरगं नाई मिळालं तरी चालंल, पण मले पाहून ज्याले बरं वाटन असं घर दे. सुशीला आत्याचा फोन आला त्या दिवशी मी किती रडली तुमाले काय सांगू."

ज्योत्सनाच्या हातात साखरेचा डबा होता. तो खाली ठेवायला तिला जागा सापडेना. देवाच्या दारात एकाच वेळी दोन उपास उभे होते, आणि एकीचं खोटं दुसरीच्या गळ्यात पडणार होतं. या पोरीला बघून मनिषला बरं वाटणार नव्हतं. तो तिच्यावर ओरडणार नाही, हात उचलणार नाही. पण आयुष्यभर तिनं चहा ठेवला की तो असाच खाली बघून पिणार होता. आणि ही बिचारी आपल्यातच काही कमी आहे, असं समजून झिजणार होती.

पाहुणे गेल्यावर ती मनिषजवळ जाऊन बसली.

"ते पोरगी..." ती म्हणाली.

"नाव काय तिचं?" त्यानं विचारलं. त्याला नावसुद्धा लक्षात नव्हतं, आणि विचारल्यावर त्याचाच चेहरा उतरला.

"रेणू. तिले फसवाचं नाई आपल्याले. मी शुक्रवारी साक्षीले उभी राहीन तेव्हा खरं सांगू का? तुहं आहे ते. तू नाई म्हनला तं मी नुसतं लगन मोडते, दोष माह्यावर घेते."

त्यानं अंगठ्यानं नखातलं जुनं तेल खरवडलं. "लगन मोडशील तं ते दुसरी आनतील. तिसरी आनतील. उपास तं चालूच राहीन." मग म्हणाला, "सांग. पण आधी रेणूले. तिले दुसऱ्याच्या तोंडून नको कळाले."

फोनवर रेणूनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा दवाखान्यातली घंटी वाजली, कुणीतरी तिला हाक मारली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बरं झालं आता सांगतलं. पण मले राग आला आहे, आई. आज मले 'काई हरकत नाई' म्हनाले सांगू नका." ज्योत्सना 'हो' म्हणाली. त्या रागावर तिचं काही म्हणणं नव्हतं.

शुक्रवारी ती टोपलंभर उकडलेले शिंगाडे घेऊन हॉलमध्ये गेली. रिवाज रिवाज होता. मनिष तिला गाडीवरून घेऊन आला, पण आत आला नाही. टायरच्या दुकानाजवळ गाडीला टेकून उभा राहिला. गाणी झाली. बायका हसऱ्या तोंडानं तिच्याकडे बघत होत्या. निर्मलाबाईनं हात केला, "या, ज्योत्सनाताई. साक्ष द्या."

ती उभी राहिली. या वेळी घोकून काही आणलं नव्हतं.

"उत्तर आलं नाई," ती म्हणाली. "मी विनंतीच खोटी पडू देली. मनिषचं लगन जमत नाई म्हनून मी रडत नोयती. त्याले पोरी आवडतच नाई. देवानं त्याले तसाच घडवला आहे, का काय आहे, मले समजत नाई. पण तो तसा आहे, आणि तो माहा पोरगा आहे. रेणूले मी सांगतलं. तुमी माह्यासाठी उपाशी राहिल्या, त्याची माफी मागते."

बाहेर हायवेवरून ट्रक गेला, त्यानं टिन थरथरलं.

"म्हंजे?" सुशीलाबाईचं तोंड उघडंच राहिलं. "बीमार आहे का पोट्टं?"

"नाई."

"मंग बाहेरचं काई लागलं असन. पास्टरले सांगू, तेल लावून प्रार्थना करू."

"तेल लावाचं तं मले लावा, आत्याबाई. भेव मले आहे. त्याले काई झालं नाई."

एक बाई उठली, पोरीचा हात धरून बाहेर गेली. तिच्यामागे आणखी दोघी. निर्मलाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "हे असं सगळ्यांसमोर बोलायचं होतं का, ज्योत्सनाताई? आता आम्ही प्रार्थना तरी काय करायची?"

"प्रार्थना नको," ज्योत्सना म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "त्याले मागे बसून ढोलक वाजवू द्या. प्रभुभोजनात बसू द्या. हे देवाले मागाचं नाई, बाई. हे तुमच्याच हातात आहे."

कुणी टोपल्याला हात लावला नाही. बायका उपाशीच एकेक करून निघाल्या. सुशीलाबाई मात्र जागची हलली नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता, हात कापत होते. तिनं टोपलं ओढलं, एक शिंगाडा दातानं फोडला आणि चावता चावता ज्योत्सनावर डोळे वटारले.

"शुगर कमी झाली म्हनून खाऊन राहिली मी. तुहं पटलं म्हनून नाई. समजलं?"

"हाव, आत्याबाई."

"माह्या घरची पोट्टी होती ते. मले तं विचाराचं." तिनं आणखी एक फोडला आणि तोंड फिरवून खाल्ला.

गोपीचंदला त्याच संध्याकाळी तलावाच्या पाळीवर सांगितलं. तो डोंग्यातलं पाणी उपसत होता. ऐकता ऐकता हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. सगळं पाणी उपसून झालं, डोंगा कोरडा ठाक पडला, तरी तो उपसतच होता.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी पेढे वाटून राहिले होते."

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पास्टर घरी आले. खुर्ची दिली तरी खालीच बसले. थकलेले दिसत होते.

"मला मनिषबद्दल माया कमी नाही," ते म्हणाले. "मीच त्याला बाप्तिस्मा दिला. पण लोक विचारतात, वरच्यांनाही उत्तर द्यावं लागतं मला. सोमवारी वडीलजनांची बैठक आहे. तोवर त्यानं ढोलक वाजवू नये. आणि उद्या पहिला रविवार आहे... त्याबद्दल मी काय सांगू?" त्यांनी खरंच सांगितलं नाही. वाक्य तिथेच सोडलं.

मनिष दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. "मी तं घेतच नाई, पास्टर," तो म्हणाला. "तुमाले तरास नाई होनार."

पास्टरनी मान खाली घातली. गोपीचंदनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताट मीच फिरवाचं ना उद्या?"

"तुम्हीच फिरवा, गोपीचंदभाऊ. तुमचा काय संबंध?"

रविवारी ढोलकाशिवाय गाणी झाली. कुणी पुढे धावत होतं, कुणी मागे राहत होतं. ढोलक भिंतीशी झाकून ठेवलं होतं आणि मनिष मागे, दाराजवळ बसला होता. त्याच्या शेजारची सतरंजी मोकळी होती. ज्योत्सनानं बायकांच्या बाजूनं तीन वेळा मागे वळून पाहिलं. चौथ्यांदा पाहिलं नाही, कारण लोकही तिच्याबरोबर मागे वळायला लागले होते.

ताट निघालं. गोपीचंद नेहमीसारखा सावकाश, खांदे वाकवून रांगेरांगेतून गेला. सगळ्यांच्या हातात तुकडे आले. ज्योत्सनानं आपला तुकडा तळहातात धरला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचून गोपीचंद मनिषसमोर थांबला.

मनिषनं सवयीनं हात हलवला, पुढे न्या.

गोपीचंद हलला नाही.

"बाबा, जा ना," मनिष कुजबुजला. आज ते कुजबुजणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

गोपीचंद तिथेच उभा. ताट परत गेल्याशिवाय कुणाला खाता येणार नव्हतं. अख्खी मंडळी हातात तुकडा धरून बसलेली. एका लहान पोरानं विचारलं, "आई, खाऊ?" आणि त्याला चापट बसली.

"गोपीचंदभाऊ," पास्टर समोरून म्हणाले, "ताट आणा."

"एक जन बाकी आहे, पास्टर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. माणसं मोजताना माणूस जसं बोलतो तसं तो बोलला. पास्टर टेबलाशी उभे राहिले. एकदा वडीलजनांच्या रांगेकडे पाहिलं, एकदा दाराकडे. ज्योत्सनाच्या घामानं तुकडा मऊ पडत चालला होता. पास्टर मागे येतील, असं तिला वाटलं. 'दे' म्हणतील किंवा 'नको' म्हणतील. दोन्हीचं तिला सारखंच भेव वाटत होतं.

पास्टरनी दोन्हींतलं काहीच म्हटलं नाही.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "प्रार्थना करू या."

ताट मागेच असताना प्रार्थना सुरू झाली. असं या हॉलमध्ये कधी झालं नव्हतं. भराभर माना खाली गेल्या, डोळे मिटले. ज्योत्सनाला कळलं, या भल्या माणसाजवळ देण्यासारखं आज एवढंच आहे: बाकीच्यांना न पाहण्याची मुभा. कबर खोदताना याच माणसानं सगळ्या गावासमोर शर्ट काढला होता.

तिनं डोळे मिटले नाहीत. मागे वळून तिनं पाहिलं, मनिषचा हात ताटाच्या कडेवर आला. थांबला. मग बापाच्या अंगठ्याजवळचा एक तुकडा त्यानं उचलला.

हॉलमध्ये आणखी एकीचे डोळे उघडे होते. सुशीलाबाई, गुडघे लांब करून भिंतीला टेकलेली, सरळ मनिषच्या हाताकडे बघत होती. तिनं ज्योत्सनाकडे पाहिलं. ओठ काहीतरी बोलायला हलले. उद्या बैठक होती, आणि वडीलजनांत सुशीलाबाईचा नवरा बसणार होता.

सुशीलाबाईनं ओठ मिटले. तुकडा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि सगळ्यांच्या मागाहून, सावकाश, डोळे मिटले.